टॅलीचा बॅकअप घेताना ब्लू स्क्रीन: अँटीव्हायरस, रॅम की आणखी काही?

हिशोबनीस

ऑफिसात पाच डेस्कटॉप आहेत. सगळ्यांवर विंडोज ११ प्रो, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि एकाच कंपनीचा पेड अँटीव्हायरस. चार मशीन सुरळीत. पाचव्यावर टॅलीचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर टाकायला घेतला की अर्ध्यातच ब्लू स्क्रीन येते आणि मशीन रीस्टार्ट होतं. एरवी एक्सेल, ब्राउझर, प्रिंटिंग, कशालाच अडत नाही. स्क्रीनवर 'अनएक्स्पेक्टेड कर्नल मोड ट्रॅप' एवढंच वाचून होतं.

आतापर्यंत केलेलं: एसएफसी स्कॅन (विंडोजच्या फाइलींची तपासणी, काही सापडलं नाही), चेकडिस्क, टॅली पुन्हा इन्स्टॉल, अँटीव्हायरसचं 'रिपेअर', दुसरी एक्स्टर्नल डिस्क. अँटीव्हायरसचं रिअल टाइम प्रोटेक्शन बंद ठेवूनही क्रॅश होतो, त्यामुळे दोष आमचा नाही असं त्यांचे सपोर्टवाले म्हणतात. हार्डवेअरवाला म्हणतो, फॉरमॅट मारा.

हे मशीन ब्रँडेड आहे. सोबत दुसऱ्या एका कंपनीचा ट्रायल अँटीव्हायरस आला होता. तो कंट्रोल पॅनेलमधून काढूनच आत्ताचा टाकला आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. दोष नक्की कुणाचा हे कसं ठरवायचं? फॉरमॅट टाळायचा आहे, कारण परवाने आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सेटिंग सगळं नव्याने करावं लागेल.

डंपवाचक

प्रोटेक्शनचा स्विच बंद करून काहीच सिद्ध होत नाही. अँटीव्हायरसचा फिल्टर ड्रायव्हर कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) लोड झालेलाच राहतो आणि फाइल उघडायची प्रत्येक विनंती त्याच्यातूनच पुढे जाते. स्विच बंद असला तर तो फक्त तपासणी टाळतो. सपोर्टवाल्यांचा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. पूर्ण अनइन्स्टॉल करून पाहणं हीच खरी चाचणी, पण त्याआधी डंप वाचा, म्हणजे क्रॅश होताना विंडोज मेमरीची जी नोंद फाइलीत लिहून ठेवतं ती. (कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप रोमनमध्ये करायची.)

रन बॉक्समध्ये 'सिसडीएम डॉट सीपीएल' टाका. अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, त्यात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'चं सेटिंग्ज. 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा, म्हणजे कोड निवांत वाचता येईल. डंपचा प्रकार 'स्मॉल मेमरी डंप, २५६ केबी' ठेवा. सी ड्राइव्हवरची पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून वापरायची डिस्कवरची फाइल) बंद केली असेल तर ती पुन्हा सिस्टिम मॅनेज्ड करा, नाहीतर डंप लिहिलाच जाणार नाही. कुणीतरी 'स्पीड वाढवायला' ती बंद करून ठेवलेली असते, हे फार वेळा निघतं.

पुढच्या क्रॅशनंतर विंडोज फोल्डरातल्या मिनीडंप फोल्डरात डॉट डीएमपी फाइल मिळेल. ती डेस्कटॉपवर कॉपी करा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी घ्या (डंप वाचायचं साधन, फुकट आहे), अ‍ॅडमिन म्हणून चालवा, फाइल उघडा आणि खालच्या पट्टीत उद्गारचिन्ह जोडून 'अ‍ॅनलाइझ', स्पेस, डॅश व्ही. पहिल्या वेळी सिम्बॉल (फंक्शनची नावं ओळखायच्या फाइली) उतरायला काही मिनिटं लागतात, नेट चालू ठेवा.

'इमेज नेम'समोर एनटीओएसकेआरएनएल, एनटीएफएस किंवा एफएलटीएमजीआर असं विंडोजचं स्वतःचं नाव आलं तर तिथे थांबू नका. मजकूर बिघडलेली मेमरी शेवटी ज्याच्या हातात फुटते त्याचं नाव तिथे येतं, बिघडवणारा बहुधा दुसराच असतो. खालची 'स्टॅक टेक्स्ट' यादी (क्रॅशच्या क्षणी कुणी कुणाला बोलावलं त्याचा क्रम) वरून खाली वाचा आणि विंडोजची नसलेली नावं टिपून घ्या. नावाची माहिती 'एलएमव्हीएम' आणि पुढे ड्रायव्हरचं नाव टाकली की मिळते: कंपनी, व्हर्जन, तारीख. मायक्रोसॉफ्टच्या हल्लीच्या ड्रायव्हरची तारीख चित्रविचित्र दिसते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. बाकीच्यांची कामाची असते.

आणि अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एफएलटीएमसी' एवढंच टाका. फाइल सिस्टिमवर बसलेले सगळे मिनीफिल्टर (फाइलींच्या विनंत्या मधे अडवणारे ड्रायव्हर) दिसतील. 'ऑल्टिट्यूड'चा रकाना पाहा, म्हणजे कुणाचा थर किती वर आहे तो आकडा. मायक्रोसॉफ्टने ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा अँटीव्हायरससाठी राखलेला आहे. विंडोज डिफेंडरचा डब्ल्यूडीफिल्टर ३२८०१० वर असतो, तो दिसला तर बिचकू नका. तो सोडून त्या पट्ट्यात एकापेक्षा जास्त नावं असतील तर मशीनवर बहुधा दोन अँटीव्हायरस आहेत, कंट्रोल पॅनेल काहीही म्हणो.

सोल्डरगन

डंप वाचायला सांगितलंत ते बरोबर, पण अँटीव्हायरसवर खापर फोडायची घाई नको. रॅम खराब असली तरी तीच लक्षणं दिसतात, कारण बॅकअप घेताना कॅश भरते आणि एरवी हात न लागणारा रॅमचा भाग वापरात येतो.

फरक असा ओळखा. रॅममध्ये दोष असेल तर स्टॉप कोड दर वेळी बदलतो: आज १ए (मेमरी मॅनेजमेंट), उद्या ५० (पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया), परवा ३बी. स्टॅकमधली नावंही दर वेळी वेगळी. ड्रायव्हरचा दोष असेल तर कोड बहुतेक तोच, नाव तेच आणि क्रॅश व्हायचं निमित्तही तेच. ब्राउझिंग करताना डी१ येत असेल आणि स्टॅकमध्ये टीसीपीआयपी किंवा नेटआयओ दिसत असेल, तर अँटीव्हायरसच्या वेब शील्डचा नेटवर्क ड्रायव्हर संशयित. तुमचं निमित्त एकच आहे, हे खरं.

तरी रात्री निघताना मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून लावून जा, चारही पास होऊ द्या. एकही एरर आली तर बाकी चर्चा बंद: रॅम काढा, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसा, स्लॉट बदलून पुन्हा टेस्ट. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) चालू असेल तर आधी ते बंद करा. विंडोजचं स्वतःचं 'मेमरी डायग्नोस्टिक' घाईत बरं, पण त्यातून पास झालेली रॅम मेमटेस्टमध्ये नापास होताना दिसते.

इव्हेंट व्ह्यूअरही एकदा बघा. सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल पॉवर ४१' बघून लोक लगेच एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलतात. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (ब्लू स्क्रीनचा कोड) शून्य असेल आणि मागेपुढे १००१ ची, म्हणजे ब्लू स्क्रीन आल्याची, नोंद नसेल, तर विंडोज क्रॅश झालेलंच नाही, वीज गेली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. तिथे यूपीएस, एसएमपीएस आणि सॉकेट बघायचं, अँटीव्हायरस नाही.

हिशोबनीस

दोघांचेही आभार. मेमटेस्टचे चारही पास झाले, एरर शून्य. ४१ च्या नोंदीत बगचेक कोड १२७ दिसतो, सोबत १००१ आहे.

मिनीडंप फोल्डरातल्या सगळ्या फाइलींत कोड एकच, ७एफ, पहिला पॅरामीटर ८. 'इमेज नेम'समोर एफएलटीएमजीआर. पण खालच्या यादीत दोन परकी नावं आलटून पालटून पुन्हा पुन्हा येतात. 'एलएमव्हीएम' केलं तर एक आत्ताच्या अँटीव्हायरसचं, दुसरं त्या ट्रायलवाल्या कंपनीचं! 'एफएलटीएमसी'तही दोन्ही आहेत, दोन्ही आकडे ३२ ने सुरू होणारे. कंट्रोल पॅनेलमध्ये ट्रायलचा मागमूस नाही, प्रोग्रॅम फाइल्समध्ये फोल्डर नाही.

७एफ आणि ८ म्हणजे काय? आणि ते दुसरं नाव असलेली डॉट एसवायएस फाइल सरळ डिलीट करू का?

डंपवाचक

डिलीट करू नका. कारण खाली.

४१ च्या नोंदीतला १२७ दशमान पद्धतीतला आहे, षोडशमानात तोच ७एफ. त्यातला ८ म्हणजे डबल फॉल्ट: एक चूक हाताळायला प्रोसेसर निघाला आणि तेवढ्यात दुसरी चूक झाली. याचं नेहमीचं कारण, कर्नल स्टॅक (एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांसाठीची मेमरी) संपणं. ६४ बिट विंडोजमध्ये प्रत्येक थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला) कर्नलमध्ये फक्त २४ केबी स्टॅक मिळतो (३२ बिटमध्ये १२ केबी होता). तो वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमच्या स्टॅकसारखा वाढत नाही. संपला की संपला.

आता तुमच्या मशीनवर काय होतंय ते बघा. बॅकअपसाठी डेटाची एक फाइल उघडली जाते. वरचा अँटीव्हायरस ती विनंती अडवतो आणि तपासायला स्वतः तीच फाइल उघडतो. नीट लिहिलेला मिनीफिल्टर ही दुसरी विनंती आपल्या खालच्या थरांनाच पाठवतो, त्यासाठी विंडोजमध्ये 'एफएलटी क्रिएट फाइल' नावाचं फंक्शन आहे. जुना किंवा आळसाने लिहिलेला ड्रायव्हर साध्या मार्गाने फाइल उघडतो, मग विनंती पुन्हा अगदी वरपासून सुरू होते. दुसऱ्या अँटीव्हायरसला ती नवीच फाइल उघडल्यासारखी दिसते, तो तपासणी काढतो, ती पहिल्याला दिसते. हे सगळं एकाच थ्रेडवर, एकाच २४ केबीत. त्यातच एक्स्टर्नल डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर तो आणखी एक थर. एक्सेलची एखादी फाइल उघडताना एवढी खोली गाठली जात नाही, बॅकअपमध्ये गाठली जाते.

खात्री करायची असेल तर विनडीबीजीत 'केएफ' टाका. प्रत्येक ओळीमागे त्या फंक्शनने किती बाइट खाल्ले ते षोडशमानात दिसतं. आलटून पालटून येणाऱ्या दोन नावांच्या आकड्यांची बेरीज केली की चोर सापडतो.

डॉट एसवायएस फाइल हाताने का उडवायची नाही? अँटीव्हायरस काही ड्रायव्हर डिस्कच्या, व्हॉल्यूमच्या किंवा कीबोर्डच्या क्लासमध्ये (उपकरणांच्या गटात) 'अपर फिल्टर्स' म्हणून नोंदवतो. फाइल गेली आणि रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) नोंद राहिली की ते उपकरणच सुरू होत नाही. कीबोर्डच्या क्लासमध्ये असेल तर लॉगिनला कीबोर्ड मेलेला, डिस्कच्या क्लासमध्ये असेल तर स्टॉप कोड ७बी आणि विंडोज चढतच नाही. मग फॉरमॅटवाला बरोबर होता असं वाटायला लागतं.

क्रम असा ठेवा:

पहिलं काम बिटलॉकरचं. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का बघा आणि असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन असेल तर ती त्या अकाउंटच्या डिव्हाइसेसच्या पानावर असते. पुढच्या एखाद्या टप्प्यावर मशीन ती मागू शकतं, आणि तेव्हा शोधायला मशीनच नसतं.

दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हवर तीन गोष्टी घ्या: ट्रायलवाल्या कंपनीचं रिमूव्हल टूल, आत्ताच्या अँटीव्हायरसचं रिमूव्हल टूल आणि त्याचा पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर. टूल त्या त्या कंपनीच्याच साइटवरून. 'सर्व अँटीव्हायरस काढणारं एकच सॉफ्टवेअर' कुठून तरी उतरवू नका. आत्ताच्या परवान्याची की लिहून घ्या, आणि डीअ‍ॅक्टिव्हेट करायची सोय असेल तर ते करा, नाहीतर पुन्हा टाकताना 'परवाना वापरात आहे' म्हणेल.

नेटची वायर काढा. आत्ताचा अँटीव्हायरस नॉर्मल मोडमध्येच अनइन्स्टॉल करा. त्याआधी त्याच्या सेटिंगमधलं सेल्फ प्रोटेक्शन बंद करायला विसरू नका, तेच स्वतःच्या फाइली आणि रजिस्ट्री हलू देत नाही. सेफ मोडमध्ये साधा अनइन्स्टॉल बहुधा अडतो, कारण विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस तिथे सुरू होत नाही. रिमूव्हल टूल मात्र सेफ मोडसाठीच केलेली असतात.

मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आल्यावर ४. सेफ मोडमध्ये आधी ट्रायलवाल्याचं टूल, रीस्टार्ट करून पुन्हा सेफ मोड, मग आत्ताच्याचं. दोन्ही एका दमात चालवू नका, ही टूल रीस्टार्टच्या वेळी फाइली काढायची नोंद करून ठेवतात.

नॉर्मल मोडमध्ये येऊन 'एफएलटीएमसी' पुन्हा. ३२ च्या पट्ट्यात फक्त डब्ल्यूडीफिल्टर उरला पाहिजे. आता नेट न जोडता टॅलीचा बॅकअप घ्या. क्रॅश झाला नाही तर निदान पक्कं. त्यानंतर आत्ताचा अँटीव्हायरस नव्याने टाका, रीस्टार्ट, अपडेट, आणि बॅकअप पुन्हा एकदा.

रात्रपाळी

वरचं सगळं मशीन चालू होत असेल तर. चढतच नसेल त्यांच्यासाठी जोडतो.

विंडोजचा लोगो आला की पॉवर बटण दाबून धरून बंद, असं दोनतीनदा केलं की रिकव्हरी आपोआप उघडते. तिथून सेफ मोड मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर कमांड प्रॉम्प्ट, त्यात 'रेजएडिट'. डावीकडे एचकेईवाय लोकल मशीन निवडा, फाइल मेनूतून लोड हाइव्ह (रजिस्ट्रीची फाइल उघडणं), आणि विंडोज > सिस्टिम३२ > कॉन्फिग मधली 'सिस्टिम' ही फाइल. नाव काहीही द्या. रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचं विंडोज डी किंवा ई वर दिसेल. आत 'सिलेक्ट'मध्ये 'करंट'चा आकडा १ असेल तर कंट्रोलसेट००१, त्यात सर्व्हिसेस, त्यात तो ड्रायव्हर. 'स्टार्ट'ची जुनी किंमत लिहून घ्या (० म्हणजे बूटलाच, १ सिस्टिम) आणि ४ करा, म्हणजे डिसेबल्ड. क्लासच्या अपर फिल्टर्समध्ये त्याचं नाव असेल तर तेवढंच नाव तिथून काढा, बाकीची तशीच राहू द्या. शेवटी अनलोड हाइव्ह. एकाच ड्रायव्हरला हात लावा, एका वेळी एक.

आणि फोल्डरच्या फोल्डर उडवू नका. १९ जुलै २०२४ च्या क्राउडस्ट्राइक (सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनी) प्रकरणात, म्हणजे बिघडलेल्या अपडेटमुळे मशीन पडली तेव्हा, नेमकी चॅनल फाइल २९१ काढायची होती, ड्रायव्हर्समधल्या त्यांच्या फोल्डरातली, सी-०००००२९१ ने सुरू होणारी. ड्रायव्हरच्या कोडला एका ठिकाणी २० इनपुट मिळत होते, नव्या फाइलमधला नियम एकविसावं मागत होता. नसलेली जागा वाचायला गेला आणि कर्नल कोसळलं. भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला फाइल सुटली, १०:५७ ला मागे घेतली, तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहीत होते. दुरुस्ती पाच मिनिटांची होती, अनेक ठिकाणी वेळ खाल्ला तो बिटलॉकरच्या कीने. म्हणून वरचा पहिला मुद्दा कुणी गाळू नका.

धागाकर्त्यांच्या बाबतीत असं अपडेट नव्हतं हे सुरुवातीलाच कळत होतं. अपडेट बिघडलं तर एकाच सकाळी सगळी मशीन पडतात. पाचातलं एकच पडत असेल तर त्या मशीनमध्ये काय वेगळं आहे तेच शोधायचं.

फुकटचा_सल्ला

+१. पण एवढा खटाटोप करून पुन्हा थर्ड पार्टी कशाला? सरळ डिफेंडर ठेवा.

डंपवाचक

पाच मशीनच्या ऑफिसला डिफेंडर पुरेल, असं माझंही मत. फक्त 'मायक्रोसॉफ्टचा म्हणून क्रॅश होणार नाही' हे कारण देऊ नका. तोही मिनीफिल्टरच आहे. फायदा एवढाच की एक परका ड्रायव्हर कमी होतो. पाचांचा परवाना भरून झालाय तर संपेपर्यंत वापरायला हरकत नाही.

कोणताही ठेवला तरी टॅलीच्या डेटा फोल्डरचं एक्स्क्लुजन द्या, फक्त डेटा फोल्डरचं. लोक अख्खा डी ड्राइव्ह देऊन मोकळे होतात, मग व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेलं सगळं तिथेच साठतं. आणि एक्स्क्लुजन हा वेगावरचा उपाय आहे. फिल्टर लोड असेल तर क्रॅशवर तो चालेलच असं नाही.

ऑफिसात डोंगलवर चालणारं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असेल तर आणखी एक. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली 'मेमरी इंटिग्रिटी' चालू करताना ते अडणाऱ्या ड्रायव्हरांची यादी दाखवतं. डोंगलचा जुना ड्रायव्हर त्यात असेल तर आधी डोंगल कंपनीचा नवा ड्रायव्हर टाका, मग ते चालू करा.

हिशोबनीस

सांगितल्या क्रमाने केलं. ३२ च्या पट्ट्यात आता एकटा डब्ल्यूडीफिल्टर. टॅलीतल्या दोन्ही कंपन्यांचे डेटा फोल्डर धरून बॅकअप पूर्ण झाला, क्रॅश नाही. आत्ताचा अँटीव्हायरस अजून टाकलेला नाही. पण विंडोज सिक्युरिटी अजून म्हणते की त्या ट्रायलचंच संरक्षण आहे आणि ते कालबाह्य झालंय. डिफेंडर चालू करायचं बटण फिकट आहे.

रात्रपाळी

सुरक्षा केंद्रातली नोंद उरली आहे. डिफेंडरला वाटतंय दुसरा कुणी आहे, म्हणून तो बाजूला बसलाय. अ‍ॅडमिन म्हणून 'डब्ल्यूबीईएमटेस्ट' चालवा. कनेक्ट दाबा, नेमस्पेसमध्ये 'रूट' बॅकस्लॅश 'सिक्युरिटीसेंटर२'. मग 'एनम इन्स्टन्सेस', क्लासचं नाव 'अँटीव्हायरसप्रॉडक्ट', सलग, मधे स्पेस नाही. दोन ओळी दिसतील, कंसातल्या लांब आकड्यांच्या. प्रत्येकीवर डबल क्लिक करून 'डिस्प्लेनेम' वाचा. ट्रायलचं नाव असलेली ओळ निवडून डिलीट, डिफेंडरची राहू द्या. रीस्टार्ट करा.

मग पॉवरशेलमध्ये 'गेट-एमपीकॉम्प्युटरस्टेटस'. 'एएम रनिंग मोड'समोर 'नॉर्मल' आलं की डिफेंडर जागा झाला. तोपर्यंत नेटची वायर काढलेलीच ठेवा.